टँकखालचा संप: पाईप, पंप आणि गेलेली लाईट

लाईट गेली की माशांच्या टँकमधलं पाणी खाली येतं, लाईट आली की ते परत वर जातं. संप फिल्टरचं सगळं प्लंबिंग या येण्याजाण्याभोवती फिरतं. गोव्यात जून ते सप्टेंबर लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. बहुतेक वेळा ती रात्री जाते आणि आपण झोपेत असतो. म्हणून या लेखातलं प्रत्येक माप मी एकाच प्रश्नाला धरून दिलं आहे: घरात कोणी जागं नसताना लाईट गेली आणि आली, तर फरशी कोरडी राहील का?

संप म्हणजे टँकच्या खाली ठेवलेली दुसरी, लहान काचेची टाकी. वरचं पाणी पाईपमधून आपोआप खाली उतरतं, स्पंज आणि सिरॅमिकमधून गाळून जातं आणि पंप ते परत वर चढवतो. इथली मापं ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशा गोड्या पाण्याच्या टँकसाठी आहेत. तुमचा टँक वेगळा असेल तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील. समुद्री माशांचा टँक हे वेगळं प्रकरण आहे, ते इथे घेतलेलं नाही.

१. आधी ठरवा, संप हवा आहे का

दोन फुटी टँकला संप लावू नका. त्याला स्पंज फिल्टर किंवा मागे टांगायचा फिल्टर पुरतो. अडीच-तीन फुटांच्या वर, गोल्डफिशसारखे जास्त घाण करणारे मासे असतील किंवा पाणी जास्त हवं असेल, तर संपाला तोड नाही. कॅनिस्टर फिल्टर सुटसुटीत दिसतो, पण लाईट गेली की तो बंद डबा होतो. आतला प्राणवायू संपतो आणि काही तासांत माशांची घाण निवळणारे चांगले जिवाणू मरू लागतात. संप वरून उघडा असल्याने तो जास्त तग धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक मोठा आहे.

२. कट्टा

या टँकमध्ये ४० सेंटीमीटर पाणी भरलं तर ते १६२ लिटर होतं, म्हणजे १६२ किलो. ८ मिलिमीटरची काच तीसेक किलो. त्यात खडी, दगड आणि खालचा संप धरा. एकूण वजन दोनशे किलोच्या बरंच वर जातं.

साध्या प्लायवूडचं स्टँड आपल्या दमट हवेत फुगतं, खालच्या कडेपासून सुटायला लागतं. लोखंडी अँगलचं स्टँड चालतं, पण त्याला इपॉक्सी रंग हवा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्यावरही गंज धरतोच. माझ्या मते सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे चिऱ्यांचे दोन खांब आणि वर जाड कडप्पा. गवंड्याचं काम होतं, खर्च स्टँडपेक्षा फार नाही आणि खाली संपाला मोकळी जागा मिळते. उंची ७५ सेंटीमीटर ठेवा. दोन खांबांमधलं अंतर संपाच्या लांबीपेक्षा जास्त हवं, नाहीतर संप आत सरकणारच नाही. मधे कडप्प्याला आधार लागेल का हे गवंड्याला वजन सांगून विचारा.

जुन्या घरांच्या फरशा क्वचितच सपाट असतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी पाणी भरून चारही कोपऱ्यांना लावा. टँकच्या खाली थर्माकोलची शीट घालायला विसरू नका.

३. सामान

हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी हे लिहून घ्या:

- एक इंची यूपीव्हीसी पाईप, खाली येणाऱ्या पाण्यासाठी. पाऊण इंची, वर जाणाऱ्यासाठी
- एक इंची टँक निपल (काचेच्या भोकात बसवायचा जोड) २, रबर वॉशरसकट
- दोन्ही मापांचे एल्बो, एक इंची टी १, एन्ड कॅप १, चुडीचे (आट्यांचे) अ‍ॅडॅप्टर
- युनियन, म्हणजे हवा तेव्हा सोडता येणारा जोड, ३ (दोन खाली येणाऱ्या पाईपांना, एक वर जाणाऱ्याला), पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह १
- सोल्यूशनची (पाईप चिकटवायच्या द्रावणाची) लहान डबी, टेफ्लॉन टेप, सँडपेपर, हॅकसॉ ब्लेड
- पारदर्शक लवचिक नळी एक-दीड फूट, प्लास्टिकच्या क्लिपा
- सबमर्सिबल पंप
- खरबरीत स्पंज, फिल्टर फ्लॉस, सिरॅमिक रिंग किंवा बायोबॉल
- २० लिटरची बादली आणि घड्याळ

दुकानात इथे एक सापळा आहे. इंची मापाचा यूपीव्हीसी, पिवळसर सीपीव्हीसी आणि शेतीचा मिलिमीटरमधला करडा पाईप हे तिन्ही एकाच मांडणीवर असतात, आणि तुम्ही नुसतं 'एक इंची' म्हटलं की हाताला येईल तो मिळतो. एक इंची यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर असतो, एक इंची सीपीव्हीसीचा २८.६ आणि शेतीचा त्याच्या जवळचा पाईप ३२ मिलिमीटरचा. हे एकमेकांत बसत नाहीत. ३२ चा पाईप ३३.४ च्या एल्बोत घातला तर सैल का होईना जातो, आणि सोल्यूशन भरपूर लावलं की बसल्यासारखा वाटतो. महिन्याभराने तिथूनच थेंब पडायला लागतो. म्हणून सगळं एकाच दुकानातून, एकाच प्रकाराचं घ्या आणि प्रत्येक जोड काउंटरवरच कोरडा बसवून पाहा.

पितळी किंवा जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) फिटिंग घेऊ नका. जीआय गंजतो, आणि पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि गोगलगायी टिकत नाहीत.

४. काचेला भोकं

भोकं टँक जोडण्याआधी काचवाल्याकडूनच पाडून घ्या. तयार टँकला घरी डायमंड बिटने भोक पाडता येतं, पण नवख्याने तिथून सुरुवात करू नये. टफन्ड काचेला भोक पडत नाही, ती सरळ चुरा होते. टँकचा तळ काही ठिकाणी टफन्ड असतो, आधी विचारून घ्या.

मी तळाला भोक पाडायच्या विरोधात आहे. तिथली सील सुटली तर सगळा टँक रिकामा होतो. मागच्या काचेत वरच्या बाजूला दोन भोकं घ्या. त्यातली एखादी गळली तरी भोकाच्या खालचं पाणी जागेवर राहतं.

माप आधी सांगू नका, टँक निपल घेऊनच काचवाल्याकडे जा. 'एक इंची' निपलच्या चुडीचा बाहेरचा व्यास एक इंचापेक्षा बराच जास्त असतो आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान भोकाच्या व्यासाइतकं अंतर हवं.

निपल बसवताना रबर वॉशर डोक्याच्या बाजूला, म्हणजे टँकच्या आत ठेवा. वॉशरला सिलिकॉन फासू नका. नट हाताने घट्ट करा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा. त्यापुढे काच तडकते.

५. पाणी खाली आणणं

भोकांभोवती आतून काचेची तीन बाजूंची अरुंद पेटी सिलिकॉनने चिकटवून घ्या आणि तिच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते ठेवा. टँकमधलं पाणी दात्यांवरून पेटीत पडतं, मासे बाहेर राहतात. म्हणजे टँकची पातळी दातेच ठरवतात. दाते टँकच्या काठापासून ४-५ सेंटीमीटर खाली असू द्या.

पहिल्या भोकाला पेटीच्या आत खाली तोंड केलेला एल्बो, आणि बाहेर एल्बोऐवजी टी. टीचं खालचं तोंड संपाकडे जातं. वरच्या तोंडाला कॅप, कॅपला ३ मिलिमीटरचं भोक. त्या भोकातून हवा येते आणि पाण्याची गुडगुड थांबते. रात्री हॉलमध्ये झोपणारं कोणी असेल तर हे भोक किती मोलाचं आहे ते कळेल.

दुसरं भोक आणीबाणीचं. त्याला आत वर तोंड केलेला एल्बो लावा, तोंड पहिल्यापेक्षा बरंच उंच, साधारण दात्यांच्या पातळीला. एरवी ते कोरडंच राहील. पहिल्या पाईपात पान किंवा गोगलगाय अडकली की पेटीतलं पाणी चढेल आणि दुसऱ्यातून उतरेल. या पाईपाला व्हॉल्व्ह लावायचा नाही, जाळीसुद्धा नाही.

काठावरून उलटी यू-नळी टाकून सायफनने पाणी खाली घेण्याच्या युक्त्या तुम्हाला कोणीतरी दाखवेल. भोक पाडावं लागत नाही हे खरं. पण लाईट गेल्यावर त्या नळीत हवा शिरली तर सायफन तुटतो. लाईट आल्यावर पंप पाणी वर ढकलत राहतो आणि ते खाली यायला वाट नसते. यू-नळीचा टँक मी भाड्याच्या खोलीतसुद्धा ठेवणार नाही.

६. संपाचे कप्पे आणि थोडं गणित

संप ६० × ३० × ३५ सेंटीमीटरचा धरू. त्यात तीन कप्पे: पहिल्यात पाणी उतरतं आणि फ्लॉस-स्पंजमधून जातं, दुसऱ्यात सिरॅमिक रिंग, तिसऱ्यात पंप. पंपाचा कप्पा २० सेंटीमीटर रुंद ठेवा.

आता लाईट गेली असं समजा. टँकमध्ये एक सेंटीमीटर पाणी म्हणजे ९० × ४५, साधारण ४ लिटर. संपात एक सेंटीमीटर म्हणजे ६० × ३०, १.८ लिटर. वरची पातळी ३ सेंटीमीटर उतरली तर १२ लिटर खाली येतं. पाईपांतलं आणि पेटीतलं धरून १४ म्हणा. संपाची पातळी जवळजवळ ८ सेंटीमीटर चढणार. म्हणून चालू असताना संपात २२ सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी ठेवायचं नाही: २२ आणि ८ मिळून ३०, वर ५ मोकळे. काचेवर बाहेरून परमनंट मार्करने २२ वर रेघ मारा आणि 'याच्यावर पाणी घालू नये' असं लिहा. तुम्ही गावाला गेलात की पाणी घालणारा दुसराच कोणीतरी असतो.

उलटा हिशेबही करा. खाली येणारे दोन्ही पाईप तुंबले आणि पंप चालूच राहिला तर? पंपाच्या कप्प्यात एका सेंटीमीटरला ०.६ लिटर मावतं. पंप हवा ओढायला लागेपर्यंत तिथलं १५ सेंटीमीटर पाणी उपसतो, म्हणजे ९ लिटर. टँक त्याने सव्वादोन सेंटीमीटर चढतो. दात्यांच्या वर ४-५ सेंटीमीटर काठ सोडला आहे तो यासाठीच. पंपाचा कप्पा मोठा केला तर हा हिशेब बिघडतो.

७. पंप

गोड्या पाण्याला तासाला टँकच्या चार-पाच पट पाणी फिरलं की पुरे. आपल्याला ७५० लिटरच्या आसपास लागेल. पण ७५० लिटरचा पंप घेऊ नका. खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. त्याच खोक्यावर 'एच मॅक्स' लिहिलेलं असतं, म्हणजे ज्या उंचीला प्रवाह शून्य होतो ती उंची. निम्म्या उंचीला ढोबळमानाने निम्मं पाणी मिळतं. आपल्याला संपातल्या पातळीपासून टँकच्या काठापर्यंत १ मीटर चढवायचं आहे, एल्बोंचं घर्षण वेगळं. एच मॅक्स अडीच मीटर आणि तासाला १५०० ते १८०० लिटर असा पंप बरोबर बसतो.

पंप २४ तास चालतो. ३० वॅटचा घेतलात तर महिन्याला साधारण २२ युनिट, ६० वॅटचा घेतलात तर दुप्पट. वॅट वाचूनच घ्या. आणि दुकानातून निघताना त्याच मॉडेलचा एक इम्पेलर, म्हणजे आतला पाणी ढकलणारा फिरता पंखा, जादा विकत घ्या.

८. पाणी वर नेणं

पंपाच्या तोंडाला आधी लवचिक नळीचा तुकडा, मग पाऊण इंची पाईप, युनियन, बॉल व्हॉल्व्ह आणि टँकच्या काठावरून आत. पंप थेट कडक पाईपला जोडला तर त्याची थरथर टँकच्या काचेपर्यंत पोचते. प्रवाह कमी करायचा तर याच व्हॉल्व्हने करा. पंपाचं पाणी ओढायचं तोंड कधीही आवळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं भोक. पाईपाचं तोंड टँकमध्ये पाण्याखाली असतं. पंप बंद पडला की तोच पाईप सायफन होऊन टँकमधलं पाणी संपात ओढायला लागतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. तोंड १५ सेंटीमीटर खोल असेल तर ६० लिटर पाणी खाली येईल, संपात मावणार नाही. उपाय फुकटचा आहे: पाण्याच्या पातळीच्या एक-दीड सेंटीमीटर खाली, पाईपाला ४ मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. पंप चालू असताना भोकातून पाण्याची बारीक पिचकारी उडेल, ती टँकच्या आतल्या बाजूला वळवून ठेवा. शेवाळ धरून हे भोक बुजतं, दर आठवड्याला टूथपिक घालून पाहा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून भोक टाळण्याचा सल्ला मिळेल. त्या व्हॉल्व्हच्या झडपेत एक बारीक गोगलगाय अडकली की तो असून नसल्यासारखा.

९. जोडणी

सगळं आधी कोरडं बसवा, प्रत्येक जोडावर पेन्सिलने खूण करा, मग सुटं करून एकेक चिकटवा. कापलेल्या कडा सँडपेपरने घासा, सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, पाईप आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. २४ तास पाणी सोडू नका. पावसाळ्यात दोन दिवस धरा.

प्लंबर बोलावलात तर त्याच्याजवळ उभे राहा. चुडीच्या जोडाला धागा आणि सफेदा लावायची त्यांच्या हाताला सवय असते. घरच्या नळाला ते चालत असेल, माशांच्या पाण्यात नको. नुसती टेफ्लॉन टेप, चुडीच्या दिशेने, सात-आठ वेढे. प्लास्टिकला पाना जपून.

१०. वीज

- पंपाचा प्लग ज्या सॉकेटला आहे त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) हवाच. जुन्या घरात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी तो बसवून घ्या, मग टँक आणा.
- अर्थिंग खरंच आहे का, तपासून घ्या. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे मागे वायर आहे असं नाही.
- वायर सॉकेटकडे जाण्याआधी तिला खाली झोळ द्या. वायरवरून ओघळणारं पाणी झोळापाशी गळून पडतं.
- एक्स्टेन्शन बोर्ड संपाशेजारी जमिनीवर ठेवू नका. भिंतीवर, संपाच्या काठापेक्षा वर.
- पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद, प्लग बाहेर. पंप वायरला धरून उचलायचा नाही.

इन्व्हर्टरवर पंप चालवायचा तर तो साइन वेव्ह असावा. स्क्वेअर वेव्हवर हे पंप गुरगुरतात आणि तापतात. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो आणि मे महिन्यात दुपारी गेलेली लाईट माशांना पावसाळ्यातल्या रात्रीपेक्षा जड जाते.

११. पाण्याची चाचणी

शक्य असेल तर पहिली चाचणी पडवीत किंवा अंगणात करा. टँक दात्यांपर्यंत भरा, संप रेघेपर्यंत, पंप सुरू करा. मग:

पाईपाचं तोंड २० लिटरच्या बादलीत, टँकच्या काठाइतक्याच उंचीला धरा आणि वेळ मोजा. बादलीत जाईल तेवढं दुसरं पाणी मगाने संपात घालत राहायला एक माणूस हवा. बादली ९६ सेकंदांत भरली तर तासाला ७५० लिटर. दोन मिनिटं लागली तर ६०० लिटर, तेही चालेल.

आता स्विच बंद करा आणि संपाकडे बघत बसा. पाणी किती चढतं, कुठे थांबतं? थांबलं तिथे दुसरी रेघ मारा. परत सुरू करा. असं पाच-सहा वेळा करा, कधी दोन मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने.

शेवटी पहिल्या पाईपाचं तोंड चिंधीने बंद करा आणि आणीबाणीचा पाईप सगळं पाणी एकट्याने पेलतो का ते पाहा. ही चाचणी लोक हमखास टाळतात. चाचणीनंतर चिंधी काढायची आठवण ठेवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून एक पूर्ण दिवस जाऊ द्या. कागदावर डाग दिसला तर जोड गळतो आहे.

१२. पाणी कुठलं

सरकारी नळाचं पाणी, ते ओपाच्या प्रकल्पाचं असो की साळावलीच्या, क्लोरीन घातलेलं असतं. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घातल्याशिवाय ते टँकमध्ये जाऊ देऊ नका. विहिरीचं पाणी असेल तर हायपो लागत नाही, पण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल त्या आठवड्यात लागतो.

जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. त्यात पीएच सांभाळून धरणारे क्षार कमी, त्यामुळे तो अचानक घसरतो आणि मासे काठाशी येऊन धापा टाकतात. तिसऱ्यांची किंवा कालवांची मूठभर शिंपलं उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत घालून संपाच्या मधल्या कप्प्यात टाका. ती सावकाश विरघळतात आणि पाणी सांभाळतात. आमटीतली शिंपलं असतील तर मीठ-मसाला पुरता जाईपर्यंत धुवा. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर नारिंगी गाळ स्पंजवर बसतो, फ्लॉस वरचेवर बदलावा लागतो.

मासे लगेच सोडू नका. सिरॅमिकवर जिवाणूंची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. त्याआधी मासे सोडले तर ते स्वतःच्याच अमोनियात मरतात. दुकानात थेंबांचं टेस्ट किट मिळतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की दोन-तीन मासे सोडून सुरुवात करा. आपल्या हवेत हीटर लागत नाही. एखाद्या मित्राचा चालता टँक असेल तर त्याचा मळका स्पंज मागून आणा आणि तुमच्या संपात पिळा. एप्रिलच्या सुरुवातीला काम हाती घेतलंत तर मृग लागेपर्यंत सगळं स्थिर झालेलं असतं.

१३. नंतरची निगा

पाणी आटतं ते फक्त पंपाच्या कप्प्यात दिसतं. एक लिटर आटलं की तिथली पातळी पावणेदोन सेंटीमीटर उतरते. त्यामुळे तीनचार दिवस लक्ष गेलं नाही तर पंप हवा ओढून खडखडायला लागतो. भर घालायची ती हायपो घातलेल्या पाण्याची.

स्पंज नळाखाली धुवू नका, टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळा. ते पाणी केळीला, माडाला किंवा तुळशीला घाला. संपावर जाळीचं झाकण ठेवा. पावसाळ्यात बेडूक आणि पाली आत पडतात, आणि पंपाच्या जाळीत अडकलेली पाल काढणं कोणालाच आवडत नाही.

महिन्यातून एकदा युनियन सोडून पंप बाहेर काढा, पुढचं झाकण उघडा, इम्पेलर ओढून काढा. त्याच्यावर बुळबुळीत थर असतो, तो जुन्या टूथब्रशने घासा. इम्पेलर ज्या खोबणीत बसतो तीही आतून घासा, गाळ तिथेच साचतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला असेल तर तासभर विनेगरमध्ये बुडवून ठेवा, घरातलं माडाचं विनेगर चालतं. नंतर स्वच्छ धुवा. इम्पेलरच्या दांडीला खाच पडलेली दिसली की जादा आणून ठेवलेला बसवा आणि त्याच आठवड्यात नवा आणा.